तांब्याची गोळी आणि तीनचं वावडं

शेजाऱ्यांनी एकदा कुंपणावरून मला सांगितलं की त्यांच्या रायफलीच्या गोळ्या एका जागी लागत नाहीत. मी कपडे वाळत घालत होते, म्हणजे आयर्लंडच्या हवेशी हुज्जत घालत होते. बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग काय काय बदलून बघितलं?"

"सगळंच," ते म्हणाले.

"एकाच वेळी?"

"हो. वेळ वाचतो."

तिथेच माझं डोकं फिरलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि वर त्यांना गोड शब्दांत कळवायच्या, असा हा व्यवसाय. त्यातला पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. समोरचा सत्तरी उलटलेला माणूस पाच गोष्टी एकदम बदलून पुन्हा शांतपणे चहा पितो, हे मला बघवेना. हातातला ओला टॉवेल तसाच दोरीवर टाकून मी म्हणाले, "थांबा. मी येते."

मी शाकाहारी आहे, घरात शिरलेला कोळी कपाखाली धरून बागेत सोडते, आणि त्या दिवसापर्यंत मी रायफल जवळून पाहिलेली नव्हती. यातलं काहीही त्या क्षणी माझ्या आड आलं नाही.

त्यांची अडचण अशी होती. ते आयुष्यभर विकलोच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला जात आले. तिथे त्यांची थोरली बहीण मेंढ्या पाळते, नवी झाडं लावते आणि हरणं ती झाडं खाऊन टाकतात. आतापर्यंत ते शिशाच्या गोळ्या वापरायचे. पण त्यांच्याकडून हरणाचं मांस घेणाऱ्या खाटकाला आता शिशाचा अंशही नको होता, म्हणून गोळी अख्खी तांब्याची हवी. तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाची गोळी तांब्यात केली तर लांबुळकी होते, आणि त्यांच्या जुन्या रायफलीच्या नळीला लांबुळकी गोळी नीट फिरवता येत नाही. म्हणून मग हलकी, आखूड गोळी घ्यायची. हलक्या गोळीचा खांद्याला धक्काही कमी बसतो, आणि त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं होतं. सगळं कसं जुळून आलं होतं. फक्त गोळ्या लागत नव्हत्या.

आणि ही नुसती हौसेची गोष्ट नव्हती. आदल्या हिवाळ्यात त्यांच्या गोळीनं एक हरणी नुसती जखमी झाली आणि पळाली. ते आणि त्यांची बहीण दिवसभर झाडीत तिला शोधत फिरले, ती सापडली नाही. हे त्यांनी मला एकदाच, कुंपणाकडे बघत सांगितलं. त्यानंतर बहिणीनं अट घातली. हंगाम सुरू व्हायच्या आधी तिच्या शेतात, तिच्या डोळ्यांदेखत, शंभर यार्डांवरून बशीएवढ्या कागदात तीन गोळ्या मारायच्या. एक जरी बाहेर गेली तर डोंगर बंद.

"त्या डोंगरावर मी नाही गेलो तर मी काय करू?" ते म्हणाले. "लॉन कापू?"

त्यांचं लॉन आमच्या गल्लीत सगळ्यात वाईट होतं, त्यामुळे प्रश्न खरा होता.

मग आमचं काम सुरू झालं. इथे कुणालाही घरी बसून काडतूस भरता येत नाही. बऱ्याच लांबच्या नेमबाजीच्या एका रेंजवर परवान्याची एक खोली होती, तिथे देखरेखीखाली भरायचं. ते इलेक्ट्रॉनिक काट्यावर बंदुकीची दारू मोजून ओतायचे, वर तांब्याची गोळी बसवायचे आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचे. गोळी तीच, काडतुसाची पितळी डबी तीच, दारू मात्र पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या आत किंचित किंचित वाढवत न्यायची, आणि कुठल्या मापाला गोळ्या सगळ्यात जवळ पडतात ते बघायचं. प्रत्येक मापाची तीन काडतुसं, कारण जगभरचे नेमबाज म्हणे तीनच मारून बघतात. सकाळी कामाला बसण्याआधी कुंपणाशी आमची मीटिंग व्हायची, ऑफिसात होते तशी. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. त्यांचं उत्तर रोज एकच असायचं: "काल काही नाही, आज काही नाही, अडचण पाऊस."

रेंजवरची मंडळी सल्ले द्यायला उदार होती. एक जण म्हणायचा तांब्याची गोळी मारण्याआधी नळी आरशासारखी घासून काढ. दुसरा म्हणायचा नळीला हात लावशील तर पस्तावशील. तिसऱ्याच्या मते गोळी आत खोल बसवायला हवी होती, कारण तांब्याला धावायला जागा लागते. प्रत्येकाचं मत वेगळं आणि खात्री मात्र सगळ्यांची सारखीच. मला एकदम ऑफिसात असल्यासारखं वाटलं.

आणि निकाल? दर आठवड्याला नवा विजेता. एका रविवारी चौथं माप असं लागायचं की तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकावीत. आम्ही खुशीत घरी यायचो. पुढच्या रविवारी तेच चौथं माप कागदावर चौफेर पांगायचं आणि पहिलं माप हिरो व्हायचं. मी वारा लावून पाहिला, तापमान लावून पाहिलं, त्यांनी सकाळी किती चहा प्यायला तेसुद्धा लावून पाहिलं. काही केल्या मेळ बसेना. माझी झोप उडाली नाही, पण जेवणावरची वासना उडाली, आणि ते आमच्या घरात जास्त गंभीर मानतात.

कारण मधल्या काळात सांगलीहून आई आली होती.

आईला मी शेजाऱ्यांना कशात मदत करते हे सांगितलं तेव्हा तिनं हातातली परात खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे हरीण मारायला?"

"मी मारत नाही गं. मी फक्त टेस्टिंग करते."

"अस्सं. आणि नेम नीट बसला तर हरीण मरणार."

"नीट बसला तर ते पटकन जाईल, आई. हाल होणार नाहीत."

"मग नीट कर की," आई म्हणाली आणि पीठ मळायला घेतलं. तिच्या लेखी विषय संपला होता. दुसऱ्या दिवसापासून तिनं शेजाऱ्यांना भाऊ म्हणायला सुरुवात केली, मग मीही म्हणायला लागले. त्यांनीही ते मान्य करून टाकलं. ती सांगलीच्या मराठीत बोलायची, ते विकलोच्या इंग्रजीत, दोघंही एकाच वेळी, आणि विषय बहुतेक गुडघे असायचा. त्यांचं कधी वाजलं नाही.

भाऊ आमच्याकडे जेवायला यायला लागले आणि एक मराठी शब्द शिकले: पुरे. तो मीच शिकवला, नाहीतर त्यांचं खरं नव्हतं. पण आईपुढे त्या शब्दाचा काय पाड लागणार? आमच्या घरात पुरे म्हणणं म्हणजे आणखी एक वाढ म्हणणं. भाऊ दोन्ही हात ताटावर आडवे धरून "पुरे! पुरे!" म्हणायचे आणि आई त्यांच्या बोटांच्या फटीतून वरण सोडायची. माझ्या वडिलांनाही जमलं नाही ते. शेवटच्या आजारपणातसुद्धा ते पुरे म्हणायचे आणि ती घास पुढे करायची. अख्ख्या आयुष्यात आईनं कुणाचं पुरे ऐकल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक होतं. आई तीन काही वाढत नाही. चपात्या दोन, नाहीतर चार. तिसरी द्यायचीच झाली तर सोबत चौथीचा तुकडा मोडून द्यायचा. कारण विचारलं तर "वाढू नये" एवढंच. भाऊंना याची मोठी गंमत वाटायची. ते मुद्दाम तीन बोटं दाखवायचे आणि आई "छे छे" करत चौथी टाकायची. पोट फुटेपर्यंत खाऊन ते घरी जायचे आणि सकाळच्या मीटिंगमध्ये म्हणायचे, "अडचण: तुझी आई."

बहिणीनं ठरवून दिलेला दिवस जवळ आला तेव्हा मी एक शेवटचा मोठा प्रयोग आखला. सहा मापं, प्रत्येकी तीन काडतुसं, प्रत्येक तिकडी वेगळ्या छोट्या पिशवीत. आईनं मसाले आणले होते त्यातल्याच कोऱ्या पिशव्या. वर मार्करनं क्रमांक. बाहेरून सगळी काडतुसं सारखीच दिसतात, आतली दारू किती हे फक्त पिशवीला माहीत. आम्ही शनिवारी ती भरली, पण धुकं इतकं उतरलं की समोरचं निशाणच दिसेना. मग पिशव्या घेऊन भाऊंच्या घरी परत आलो. आई थालीपीठं घेऊन तिथेच आली. भाऊ मला बाहेर नेऊन गळकं गटार दाखवत होते तोवर ती त्यांच्या किचनमध्ये एकटी होती. परत आलो तेव्हा ती ओटा पुसत होती. मला वाटलं, बरं झालं. भाऊंनी पिशव्यांचा डबा उचलून कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि थालीपीठाला बसले.

रविवारी रेंजवर मी पहिली पिशवी उघडली. आत दोन काडतुसं. दुसरीत चार. तिसरीत दोन. चौथीत चार. पुढचं मी बघितलंच नाही, बाहेर जाऊन फोन लावला.

"आई, त्या पिशव्यांना हात लावलास?"

"हो की," आई आनंदानं म्हणाली. "सगळीकडे तीन तीन ठेवलेलीस. भाऊंच्या एवढ्या महत्त्वाच्या कामाला! सगळी ओट्यावर ओतली आणि दोन, चार, दोन, चार अशी परत भरली. आता बघ, सगळं नीट."

मी तेव्हा काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. बोलले मराठीत, पण रेंजवरच्या सगळ्यांनी कानावरची संरक्षणं काढून ऐकलं. कितीतरी रविवार फुकट गेले होते. कुठलं काडतूस कुठल्या मापाचं हे आता देवालाही सांगता आलं नसतं. मी परत आत आले तर भाऊ बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. श्वास घेता आला तेव्हा म्हणाले, "आपण एवढे लांब आलोय. आईनं वाढलंय तसंच खाऊ."

मी रागानंच होकार दिला. ते एकेक पिशवी मारत गेले आणि मी दरवेळी नवा कागद लावला. शेवटी सगळे कागद काढून आणले आणि टेबलावर ओळीनं मांडले, निव्वळ सवयीनं. आणि मग मी उभी राहिले ती हललेच नाही.

दोनवाल्या पिशव्यांची भोकं, प्रत्येक कागदावर, एकमेकांना चिकटून होती. आत कुठल्या मापाची भेसळ होती कोण जाणे, तरीही. चारवाल्या पिशव्यांतही दोन भोकं अशीच चिकटलेली, आणि उरलेली दोन कुठल्या कुठे, खाली आणि उजवीकडे. माप काहीही असो, पहिली आणि दुसरी बरोबर. तिसरी भरकटली. आमच्या सगळ्या महिन्यांच्या तिकड्यांमध्ये तेच होत होतं, फक्त तिसरी कधी थोडी भरकटायची आणि कधी खूप, आणि त्यावरून मी मापांना हिरो आणि व्हिलन ठरवत बसले होते.

"सापडलं!" मी ओरडले. बग सापडल्यावर मी अशीच ओरडते, मग तो कुणाचा का असेना. "दारू नाही, गोळी नाही, नळी नाही! तिसऱ्या वेळी तुमचा खांदा..."

इथे मी थांबले. भाऊ उजवा खांदा डाव्या हातानं चोळत होते. चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडीत मीच बोलत होते. मी म्हणाले, ही तर चांगली बातमी आहे, हरणाला एकच गोळी लागते, तुमच्या तर दोन अचूक आहेत. ते बाहेरच्या गायी बघत राहिले.

"डोंगरावर दिवसभर रायफल वागवत चढल्यावर," ते म्हणाले, "माझी पहिलीच तिसरी असते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. पण गोळीचा दोष निघाला असता तर बरं झालं असतं. आणि रविवार चांगले जात होते. क्रॅक होता." क्रॅक म्हणजे इथल्या भाषेत धमाल.

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मग मी जे केलं ते माझ्या धंद्यात कुणी करत नाही. चूक कुठे आहे हे कळल्यावर ती परीक्षकाच्या नजरेस कशी पडणार नाही याची मी तयारी केली. बहिणीनं तीन गोळ्या म्हटलं होतं, किती वेळात ते म्हटलं नव्हतं. दोन झाल्या की मध्ये चहा. खांद्याखाली आईची गोधडी, चौपदरी. खांदा शेकून घ्यायचा आणि मगच तिसरी. रेंजवर आम्ही करून पाहिलं आणि तिसरी चक्क आत लागली. भाऊ म्हणाले, "ग्रँड." पण असं म्हणाले की जणू पाऊस थांबलाय आणि घरी काही काम नाही.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं विकलोला गेलो. आईनं थर्मास घेतला, चिवडा घेतला, गोधडी घेतली आणि बहिणीसाठी साडीचा नवा ब्लाउजपीस घेतला. रिकाम्या हातानं कुणाच्या शेतात कसं जायचं? बहीण भाऊंपेक्षा उंच, रबरी बूट घातलेली, मोजकं बोलणारी. तिनं ब्लाउजपीस उलटसुलट करून बघितला, छान आहे म्हणाली आणि गळ्याभोवती बांधला. पुढचा सगळा प्रसंग तिनं गळ्याभोवती मोरपंखी खण बांधून पार पाडला, आणि हसायचं कुणाला सुचलं नाही.

कागद लागला. कागदावर तिनं खरोखरच किचनमधली बशी ठेवून गोल काढला होता. मागे मातीचा उंच बांध, मेंढ्या दुसऱ्या शेतात. भाऊ गोधडीवर पालथे झाले. पहिली गोळी गोलाच्या मधोमध लागली. दुसरी तिला चिकटून. बहिणीनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.

मी ठरल्याप्रमाणे मोठ्यानं म्हणाले, "चहा घेऊ या का?"

भाऊ उठले नाहीत. तिसरं काडतूस आत होतं, गाल लाकडाला टेकलेला होता. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "तीन कशाला गं? एक तर दोन, नाहीतर चार." मी तिचा हात दाबला. बराच वेळ गेला. डोंगरावर ढगाची सावली सरकत गेली तेवढा वेळ ते त्या डोंगराकडेच बघत असावेत, कारण रायफलीची नळी कागदावरून जराशी वर आली होती.

मग त्यांनी बोल्ट मागे ओढला. काडतूस बाहेर आलं, ते त्यांनी तळहातावर घेतलं आणि हळूच उठून बसले.

"एक राहिली," बहीण म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. तिला ती तिसरी लागायला हवी होती, हे मला तेव्हा कळलं.

"लागेल ती," भाऊ म्हणाले. "इथे लागेल. या दोघींनी चहाचीसुद्धा सोय केली आहे."

त्यांनी काडतूस बहिणीच्या हातावर ठेवलं आणि तिची बोटं मिटली. ती दुसरीकडे बघायला लागली.

आईला एवढंच दिसलं की दोन झाल्या, तिसरी राहिली आणि माणसाचा चेहरा पडला. तिला यावर उपाय माहीत होता. ती पुढे झाली आणि म्हणाली, "अहो भाऊ, तीन नको असेल तर चार मारा की! चार चालतात."

"काय म्हणते ती?" भाऊंनी मला विचारलं.

मी सांगितलं. 

भाऊ हसले. मग त्यांनी जेवताना धरायचे तसे दोन्ही हात समोर आडवे धरले आणि आईकडे बघून म्हणाले, "पुरे."

आईनं त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग डोंगराकडे. मग ती गोधडीशी खाली बसली, थर्मासचं झाकण काढलं आणि त्यांना अर्धा कप चहा ओतून दिला. त्यांनी तो प्यायला. तिनं पुन्हा विचारलं नाही.